पिंप धुवायचं न्हाई

अख्ख्या वसमत तालुक्यात उकळत्या पाण्यावर आमच्या काकांइतका जीव लावणारा दुसरा माणूस नसेल. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. गावाच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि ती पावडर हळूहळू स्वभावातच उतरली. टपरीवर आधी ग्लासभर उकळतं पाणी मागतात, त्यानं कप विसळतात, मग चहा. लग्नाला गेले की नवरदेवाच्या आधी आचाऱ्याचं पातेलं बघून येतात. एकदा नव्या व्याह्यांना त्यांनी कोपरापर्यंत हात धुवायला लावले; ते बिचारे अजून आमच्याकडे जेवायला बसताना आधी बाह्या वर करतात.

हे सगळं हसण्यावारी जायचं, कारण मावशी होती. दारात तिनं लावलेलं जांभळाचं झाड, त्याचा ती दरसाल सिरका घालायची. रस बरणीत भरायचा, तोंडाला फडकं बांधायचं आणि दिवाळीपर्यंत आंबू द्यायचा. त्या सिरक्यात बुडवलेला कांदा आणि ज्वारीची भाकरी! तीन वर्षांपूर्वी मावशी गेली. तेव्हापासून काकांना एकच ध्यास, तिच्या हातची चव पुन्हा जिभेवर आली पाहिजे.

तिच्या झाडाचं एक जांभूळ वाया जाऊ द्यायचं नाही, म्हणून त्यांनी बरणी सोडून थेट दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप आणलं. पहिल्याच वर्षी वर पांढरी बुरशी. पिंप नीट निर्जंतुक झालं नाही, काकांनी निदान केलं. पण एवढं धूड उकळायचं कशात? विकतचं औषध त्या मापानं परवडेना. मग पुढच्या साली दोन बादल्या उकळतं पाणी आत ओतून काका ते पिंप गल्लीतून लोळवत फिरले, पारापर्यंत आणि परत. कोणी विचारलं की गंभीरपणे सांगायचे, "जंतू मारून राहिलो." बुरशी गेली. सिरका झाला, पण नुसता आंबट. काकांनी चमचाभर चाखला आणि ओसरीवर मावशी बसायची त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या शेतात हळद शिजत होती. वाफेचे लोट बघून काकांचे डोळे चमकले. फुकटची वाफ! गड्यांना गळ घालून त्यांनी शिजत्या हळदीवर पिंप तासभर उपडं धरायला लावलं. वर जंतू शिरू नयेत म्हणून गरम असतानाच झाकण आवळलं. थंड होताना ते पिंप असं आत ओढलं गेलं की गडी हसून हसून बेजार. झाकण उघडल्यावर ते ढप्पकन फुगलं, पण आतून पिवळं झालं होतं आणि हळदीचा वास मारत होतं. काकांनी आठ दिवस राखेनं घासलं. वास जाईना. तोवर जांभळं पिकली, इलाज नव्हता. रस त्याच पिंपात गेला आणि काका तोंड पाडून बसले.

दिवाळीला आई आणि मी गेलो. काकांनी वाटी पुढे केली, नापास झालेल्या पोरानं प्रगतिपुस्तक द्यावं तशी. आईनं बोट बुडवून चाखलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"ताईचाच हाय," ती म्हणाली. "ती बरण्या हळदीच्या कढईवरच उपड्या घालायची. दरसाल."

हळदीच्या दिवसांत काका पाण्याच्या टाकीवर, मावशी शेतात. संसार सगळा असाच झालेला.

"मला कधी सांगितलं न्हाई तिनं," ते म्हणाले.

"तुमी कधी विचारलं व्हय, दाजी?"

मग त्यांनी वाटी उचलली आणि घोट घोट करत सगळा सिरका पिऊन टाकला.

परवा गेलो होतो. सिरका संपलाय. रिकामं पिंप ओसरीवर मावशीच्या कोपऱ्यात ठेवलंय. माझे हात नेहमीसारखे कोपरापर्यंत धुवून झाले, कपावर उकळतं पाणी पडलं. पिंपाच्या तळाशी धूळ दिसली म्हणून मी ते सहज नळाकडे न्यायला उचललं. काकांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "वास जाईल."