पऱ्हाटीच्या राखेची चाचणी

आबा, म्हणजे माझे वडील, गेल्या वर्षी मार्च महिन्यात जळगावच्या पिंप्राळा भागातल्या आमच्या घरी सकाळी वारले. त्याच्या आठवडाभर आधी माझ्या बहिणीची चाचणी फसली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. चाचणीचं मात्र आबांना जाण्याआधी कळलं होतं.

बहीण जळगावातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती. काम थोडक्यात असं : तीन पदार्थ एकाच काचेच्या भांड्यात घालायचे, त्यात चिमूटभर पूड टाकायची आणि ढवळत तापवायचं. पूड तिघांना जोडून देते, स्वतः खर्च होत नाही. मग ती गाळून, अल्कोहोलने धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरायची. अशा पुडीला उत्प्रेरक म्हणतात. बहिणीची पूड पऱ्हाटीच्या राखेची होती आणि राख आबांनी केलेली होती.

धुळे तालुक्यातल्या आमच्या शेतात कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उरलेली झाडं, उपटून बांधावर रचतात. आबा त्यातल्या वाळलेल्या निवडत, मुळांची माती झटकत, अंगणात पत्र्यावर जाळत आणि गार झालेली राख पिठाच्या चाळणीने चाळत. पुढे बहीण ती भट्टीत भाजायची. यकृताचा आजार बळावल्यावर आम्ही आबांना पिंप्राळ्याला आणलं. संध्याकाळी बहीण घरी आली की तिच्या ओढणीला त्या तिघांतल्या एका पदार्थाचा कडू बदामासारखा वास यायचा.

"आज काय रांधं?" आबा खाटेवरून विचारत.

"तेच, आबा. बिनमिठनं."

"रोज रांधस, पन आमले एक घास भेटत नई." मग हळूच, "पुडी कितला डाव चालनी?"

"पाच."

"चालीच. मन्ही राख शे ती."

भेटायला येणाऱ्यांना ते सांगत, मन्ही पोर राखवर डाक्टर व्हई ऱ्हायनी.

पाचही फेऱ्यांत तयार झालेला माल जवळजवळ सारखा निघाला होता. त्यावर शोधनिबंध लिहूनही झाला होता. मग बहिणीच्या लक्षात आलं की ती प्रत्येक फेरीला तासभर देत होती आणि ताज्या पुडीचं काम त्याच्या कितीतरी आधी संपत होतं. पूड मंदावली असती तरी तासाभरात माल तेवढाच निघाला असता. आकड्यांत काही दिसलं नसतं. तिने मार्गदर्शकांना सांगितलं. ते म्हणाले, "पेपर तयार आहे. आता नवीन प्रश्न कशाला काढता?"

तिने चाचणी केली. काम अर्ध्यावर असताना, भांडं गरम असतानाच, पूड गाळून काढली आणि खाली उतरलेलं स्वच्छ द्रावण तापवत ठेवलं. पूडच काम करत असेल, तर ते तिथे थांबायला हवं होतं. ते चालू राहिलं. राखेतला खार द्रावणात उतरत होता आणि काम तो करत होता. गाळणकागदावर राहणारी पूड दर फेरीला निकामी होत चालली होती. दुसऱ्या दिवशी तिने चाचणी पुन्हा केली. उत्तर तेच आलं.

मी म्हणालो, आबांना सांगू नको. ती म्हणाली, ते विचारतील.

त्यांनी विचारलं. मी खोलीत होतो.

"पुडी कितला डाव?"

"नई टिकनी, आबा. खार धुवाई जास."

आबा पंख्याकडे पाहत म्हणाले,

"राख कच्ची ऱ्हायनी व्हई मन्ही."

"तुमनी चूक नई. राखच तशी शे."

"परत जाळू. यंदानी पऱ्हाटी बांधवर शे. मी बरा व्हयनू का जाळू."

ती हो म्हणाली. त्यानंतर त्यांनी पुडीचा विषय काढला नाही. भेटायला आलेल्यांनाही काही सांगितलं नाही.

आबांचे दिवस झाल्यावर बहिणीने चाचणीचे आकडे निबंधात घातले. मार्गदर्शकांनी निबंध छापायला पाठवला नाही. ती आता धुळ्यात ज्युनिअर कॉलेजला शिकवते. यंदा जूनमध्ये तिच्या पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपली. मुदतवाढ तिने मागितलेली नाही.