खाणवस्तीतला चमचा
दसरा आला की मला गंजलेल्या लोखंडाचा वास येतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दसऱ्याला आम्ही इकडे परदेशात, सिएराच्या डोंगरातली, सोनं संपल्यावर ओस पडलेली खाणवस्ती बघायला गेलो होतो. एका कललेल्या खोपटात कुणा खाणकामगाराचा गंजका चमचा पडला होता. काही उचलू नका, अशी पाटी असूनही मी तो आठ वर्षांच्या लेकीच्या जॅकेटच्या खिशात सरकवला. "घे, सोनं घे!" परतताना फाटकापाशी तिने खिशातून हातमोजे काढले आणि चमचा खाली पडला. तिथल्या रखवालदाराने, रेंजरने, हा कुणी उचलला विचारलं, मी गाडीची किल्ली शोधू लागलो. तीच म्हणाली, "सॉरी, आय टुक इट." वर मी "लहान आहे," असं सांगून मोकळा झालो. खिसा आपला म्हणजे चूक आपली, असं तिला वाटलं, की तिने मला वाचवलं? अजून कळत नाही. आज दसऱ्याच्या सकाळी तिचा फोन आला, "बाबा, सोनं घे." विचारणारच होतो, पण तोंडातून "तूही घे" एवढंच निघालं.