कड्यावरचा ठिपका

पाणबुड्यांचं घड्याळ घालून मी पहिल्यांदा ऑफिसात गेलो, त्या दिवशी जो तो माझं मनगट धरून एकच विचारत होता, "का गा, समुद्र कुठी सापडला तुले नागपुरात?" मी सरकारी कचेरीतला कारकून. जमिनीच्या जुन्या नोंदी नव्या रजिस्टरात उतरवून काढायच्या, हे माझं काम. पाण्याशी माझा संबंध सकाळच्या नळापुरता, आणि उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत बादल्या ओतण्यापुरता. आणि घड्याळावर तर लिहिलेलं होतं, दीडशे मीटर.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. ऑफिसातल्या एकाचा मेहुणा आखाती देशातून सुट्टीवर आला होता. त्यानं दोन जपानी घड्याळं आणली होती आणि त्यातलं एक त्याला विकायचं होतं. स्विस घड्याळाकडे बघायची माझी ऐपत नव्हती. हे मात्र परवडलं. जाडजूड, काळ्या तबकडीचं, हातात घेतलं की मनगटाला वजन कळेल असं. काचेभोवती एक फिरतं कडं होतं आणि त्या कड्यावर एक हिरवट ठिपका. पाण्यात उतरताना तो ठिपका मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायचा, म्हणजे पाण्याखाली किती वेळ गेला ते कळतं, असं मेहुण्यानं समजावलं. "अन् चावी नाही द्यायची. हातात असलं का आपोआप चालते."

माझा विश्वास बसला नाही. चावी न देता घड्याळ चालतं म्हणजे काय? वडील होते तेव्हा रोज सकाळी त्यांच्या घड्याळाला चावी देण्याचं काम माझ्याकडे होतं. त्या सवयीनं मी या घड्याळाचीही कळ रोज सकाळी नळाच्या वेळेला वीस वेळा फिरवायचो. ती नुसतीच फिरायची, आत काही आवळलं जात नव्हतं. तरी मी पुढले सहा महिने ते केलं. माझा स्वभावच तसा, एकदा हाताला लागलेलं काम मी सहजासहजी सोडत नाही.

आई त्या घड्याळाकडे बघून हसली होती. "एवढं जड काहून घेतलं गा? हात दुखन ना तुहा." तिला घड्याळ कधी लागलंच नाही. कापडगिरणीत रीळ भरायच्या खात्यात तिनं सव्वीस वर्षं काढली. भोंगा झाला की उठायचं, दुसरा भोंगा झाला की फाटकाच्या आत असायचं. फाटक बंद झालं की त्या दिवसाची हजेरी गेली. ती एकदाही बाहेर राहिली नाही, हे ती मला अनेकदा सांगायची, आणि त्याचा रोख बहुधा माझ्या उशिरा उठण्यावर असायचा. मी सोळा वर्षांचा असताना पांढरं लुगडं नेसून ती मला धम्मदीक्षेला घेऊन गेली, तेव्हासुद्धा अंधार असतानाच निघालो होतो आणि सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो होतो. तिची गिरणीतली नोकरी संपली तरी आमची खोली गिरणीच्या भिंतीपासून दूर नव्हती. रविवार सोडला तर भोंगा आम्हाला रोज ऐकू यायचा, आणि तिचा दिवस त्यावरच चालायचा.

मग ती नळावर पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं ते जुळलंच नाही. ती बाजेवर पडली ती कायमची. स्वतःहून कूस बदलणं तिला जमेना. डॉक्टर म्हणाले, "दर दोन तासांनी कूस बदला. नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि त्या भरत नाहीत."

आता त्या कड्याला एकच तास मोजता येतो. काटा फिरून ठिपक्यापाशी आला की तास झाला. दोन तास लक्षात ठेवायचे म्हणजे मधेच विसरायची भीती. म्हणून मी दर तासाला तिची कूस बदलायचो. एक हात मानेखाली, एक कमरेखाली, हळूच वळवायचं, पाठीला उशी लावायची, ठिपका काट्यासमोर आणायचा. ऑफिसच्या वेळात शेजारच्या काकू यायच्या, बाकी वेळ मी. बादल्या, भांडी, कणीक, तिचे कपडे, पायांना तेल. दीड वर्षात ते घड्याळ एकदाही थांबलं नाही. आईला तो ठिपका आवडायला लागला होता. मी बाजेजवळ गेलो की ती म्हणायची, "झाला का तास?" भोंग्यावरून ती अंदाज करत असेल, असं मला वाटायचं.

माझं लग्न राहून गेलं होतं. मित्र होते, पण तासाभराच्या दोरीला बांधलेल्या माणसाकडे कोण येणार? मी दमलो होतो. चिडायचोही. एकदा तिला भरवताना मी सारखा घड्याळाकडे बघत होतो, तर ती म्हणाली, "जाय ना तू, कुठी जायचं हाय तं." मला कुठंच जायचं नव्हतं. तेच तर दुखणं होतं.

तो रविवार होता. सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी मी तिला डाव्या कुशीवर वळवलं, ठिपका वीसवर आणला आणि म्हणालो, "येतो जरा." शुक्रवारी नावाचा तलाव आमच्या खोलीपासून चालत पाच मिनिटांवर. घेतल्यापासून मी ते घड्याळ पाण्यात घातलंच नव्हतं. ऑफिसातले रोज चिडवायचे, आणि मलाही एकदा बघायचं होतं. तलावाच्या पायऱ्यांवर बसलो, चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले आणि हात मनगटाच्या वरपर्यंत बुडवला. पाण्याखाली काटा चालू होता. एवढंसं बघून मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो.

पाणी गार होतं. पलीकडे कुणी तरी म्हैस धूत होतं. मी बसून राहिलो. नऊ वीस झाले तेव्हा काटा ठिपक्यावर आला, ते मी पाहिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. काटा ठिपक्यावर आला, ठिपक्याच्या पुढं गेला, आणि मी म्हटलं, पाच मिनिटं. मग आणखी पाच. कुणी तरी माझी वाट बघतंय आणि मी जात नाही, यात मला त्या सकाळी सुख वाटत होतं.

नऊ पंचेचाळीसला मी घरी पोचलो. ती तशीच डाव्या कुशीवर होती, मी ठेवली होती तशी. गेली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, पाचदहा मिनिटांत सगळं झालं असेल, तुम्ही जवळ असता तरी काही करता आलं नसतं. काकू रडत म्हणाल्या, "भाऊ, मले तं आवाजच नाही आला. आला असता तं धावली असती ना मी." वस्तीतली माणसं जमली, पांढऱ्या कपड्यात तिला नेलं, त्रिसरण म्हटलं. मी सगळं नीट केलं. कुणी म्हणालं नाही की हा कुठं होता.

मी स्वतःची समजूत एकाच गोष्टीनं घालत होतो. रविवार होता. गिरणीला सुट्टी, भोंगा नाही. तिच्याजवळ वेळ कळायचं दुसरं साधन नव्हतं. मला उशीर झालाय हे तिला कळलंच नसणार. तास व्हायचाय अशाच समजुतीत ती गेली असणार. या एका गोष्टीवर मी जेवत होतो, झोपत होतो, ऑफिसला जात होतो. आणि ठिपका मी वीसवरून हलू देत नव्हतो. आंघोळीच्या वेळी घड्याळ उतरवताना कड्याला बोट लागू नये म्हणून नुसत्या पट्ट्याला धरायचो. तिची माझ्याकडे राहिलेली शेवटची वेळ ती होती.

दोनेक महिन्यांनी घड्याळ थांबायला लागलं. शनिवारी चालू असायचं, सोमवारी सकाळी बघावं तर बंद. मी ते हलवायचो, मनगटावर आपटायचो, ते चालू व्हायचं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. दुरुस्तीला द्यायची मला भीती वाटत होती. पण ऑफिसला उशीर व्हायला लागला तेव्हा बर्डीच्या बाजारात एका जिन्याखाली बसणाऱ्या म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेलो. डोळ्याला भिंग लावून बसलेला, थोडं मराठी थोडं हिंदी बोलणारा माणूस. त्याला बजावून सांगितलं, "हे कडं फिरवू नका." त्यानं मान हलवली.

आठ दिवसांनी गेलो. त्यानं घड्याळ माझ्यासमोर ठेवलं. "बाबू, यात काईच खराबी नाही. मशीन एकदम बढिया. तुमी काम का करता?"

"लिहायचं."

"कोन्या हातानं?"

"उजव्या."

"अन् हा डावा हात?"

मी विचार केला. डावा हात दिवसभर रजिस्टरवर ठेवलेला असतो, पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून. घरी आलो की तो मांडीवर असतो. रविवारी मी बाजेसमोरच्या खुर्चीत बसून असतो, कधी कधी दुपार होईपर्यंत.

"हे हातानं चालते," तो म्हणाला. "हात हलला तं याच्या आतलं वजन फिरते, वजन फिरलं तं चावी भरते. तुमी हलूनच नाही राहिले, तं हे का करन?" मग भिंग कपाळावर सरकवून त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "घरातलं कोनी गेलं का?"

तेवढ्यात माझं लक्ष कड्याकडे गेलं. ठिपका बारावर होता. अगदी सरळ, नेटका, दुकानातून आत्ताच घेतल्यासारखा.

मी ओरडलो. जिन्यावरून जाणारे लोक थांबले. "सांगितलं होतं ना! सांगितलं होतं ना फिरवू नका म्हणून!" म्हातारा गोंधळला. "माफ करा बाबू, कड्याच्या खाली मळ जमला होता, आदतनं हात फिरला. मी वापस ठेवून देतो ना. कुठी होता सांगा." आणि त्यानं कड्याला बोट लावलं. मी घड्याळ त्याच्या हातातून ओढून घेतलं, पैसे फेकले आणि निघालो. त्या माणसाची मी कधी माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

घरी येऊन मीच ठिपका वीसवर आणला. पण आता तो मी नुकताच आणून ठेवलेला ठिपका होता, तिच्या रविवारचा नव्हता. पुन्हा बारावर नेला, पुन्हा वीसवर आणला. काही उपयोग नव्हता.

पुढचा रविवार आला. सकाळी खुर्चीत बसायला गेलो आणि न बसता तिच्या बाजेवर आडवा झालो. ती गेल्यापासून मी त्या बाजेला पाठ टेकली नव्हती. डाव्या कुशीवर वळलो, पाठीला तीच उशी लावली. घड्याळ काढलं, ठिपका काट्यासमोर आणला आणि ते डोक्यामागच्या फळीवर ठेवलं, मला दिसणार नाही असं. ठरवलं, हलायचं नाही. एक तास आणि वर पंचवीस मिनिटं.

सुरुवातीला बरं वाटलं. अंगणात काकू भांडी घासत होत्या, त्या आवाजात डोळा लागेल असंही वाटलं. मग खांदा भरून आला. मग खुब्याचं हाड बाजेच्या पट्टीत रुतायला लागलं. तिथं आधी मुंग्या आल्या, मग आग व्हायला लागली, आणि ती आग मांडीत उतरली. माझा खुबा तर धड होता, तिचा मोडलेला. मी दात आवळले. आता तास झाला असेल, असं वाटलं. थांबलो. आता नक्कीच झाला, आता पंचवीस मिनिटंही होत आली असतील. मी दाराकडे बघायला लागलो. दाराशी कोण येणार होतं? तरी मी बघत राहिलो. शेवटी सहन होईना तेव्हा उठून बसलो आणि फळीवरचं घड्याळ घेतलं.

चाळीस मिनिटं झाली होती. काटा ठिपक्यापासून अजून वीस मिनिटं दूर होता.

मी ते घड्याळ हातात धरून बाजेवर बसलो आणि रडलो. ती गेली त्या दिवशीही इतका रडलो नव्हतो. रोज मी जवळ गेलो की ती म्हणायची, झाला का तास. तिला भोंगा लागत नव्हता.