आईनं नळी काढली तेव्हा

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पण बंगळूरच्या डॉक्टरांनी बहिणीला सातव्या महिन्यातच पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलं, तेव्हा आईनं ठरवलं, लेकीला येता येत नसेल तर आपण जायचं.

आईची फुप्फुसं कडक होत चालली होती. उमेदीची सगळी वर्षं ती ऊसतोडीला गेली आणि उरलेलं आयुष्य चुलीपुढं बसली. दोन वर्षांपासून तिच्या नाकात नळी होती. खांद्याला अडकवायचं, हवेतून ऑक्सिजन काढून देणारं एक मशीन आम्ही घेतलं होतं. नळी काढली की चार-पाच मिनिटांत तिचे ओठ काळेनिळे पडायचे. रेल्वेचा लांबचा प्रवास तिला झेपलाच नसता. बीडच्या डॉक्टरांनी तपासून, विमानानं जायला हरकत नाही असा कागद दिला. विमान कंपनीनंही मशीनची माहिती विचारून घेतली आणि परवानगी कळवली.

डिंकाचे लाडू तिनं शेजारणीकडून करून घेतले, कारण डिंक तळताना तिला खोकल्याची उबळ यायची. दुपटी मात्र स्वतः शिवली. जुन्या मऊ लुगड्यांची, सात. एक टाका घालायचा, थांबून श्वास घ्यायचा, मग पुढचा.

नेकनूरहून पहाटेच गाडी करून आम्ही संभाजीनगरला निघालो. आई पहिल्यांदाच विमानतळ बघत होती. नवं लुगडं, डोक्यावरून पदर, मांडीवर मशीन, अशी ती व्हीलचेअरवर बसली आणि सगळ्यांकडं बघून हसायला लागली.

सुरक्षा तपासणीपाशी बायकांची रांग वेगळी निघाली. मी डॉक्टरांचा कागद तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "त्यांनी सांगितलं तसं करायचं. उगं काही बोलत बसू नको." तिला घाबरल्यासारखं होऊ नये म्हणून बोललो, असं मी पुढं पुष्कळदा स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मलाच भीती वाटत होती, की ती तिथं कुणाशी तरी गप्पा मारत बसेल आणि आमची गावंढळ म्हणून शोभा होईल.

सामान तपासायच्या सरकत्या पट्ट्याजवळ उभा असलेला जवान सगळ्यांनाच हिंदीत सांगत होता, सगळं सामान काढून ट्रेमध्ये ठेवा. आईला वाटलं, आपल्यालाच म्हणतोय. तिनं नाकातली नळी काढली, नीट गुंडाळली, मशीन बंद केलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. त्याच वेळी आमच्या पिशवीतल्या मशीनच्या जादा बॅटऱ्या बघायला तपासणीवाल्यांनी पट्टा थांबवला आणि मशीन त्यावरच अडकलं. मी पलीकडं हात पसरून उभा होतो आणि माझी तपासणी चालली होती. आईला पडद्याआड नेलेलं मला दिसलं. नळी नाही, हे दिसलं नाही.

पडद्यामागून तपासणारी पोरगी धावतच बाहेर आली आणि डॉक्टरला बोलवा म्हणून ओरडली. मी आत गेलो तेव्हा आई खुर्चीतून पुढं झुकली होती, तोंड उघडं, एका हातानं लुगडं घट्ट धरलेलं. त्या पोरीनंच पळत जाऊन मशीन आणलं. माझ्या हातानं नळी नाकात जाईना, तीही तिनंच लावली.

विमानतळावरचे डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी तासभर आईला झोपवून ठेवलं, दोनदा बोटाला यंत्र लावून बघितलं आणि मग मला बाजूला घेऊन सांगितलं की अशा अवस्थेत वर हवा विरळ असताना पाठवणं त्यांच्याच्यानं होणार नाही. मी वाद घातला नाही. कुणाची चूक म्हणून वाद घालणार होतो?

परतीच्या वाटेत गेवराई मागं पडली. तेव्हा मी विचारलं, "आई, नळी काढायच्या आधी त्यांना सांगायचं न्हाई का?"

"तूच म्हणलतास नव्हं, काय बोलू नको म्हणून," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं, एवढंच.

नंतर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पोरीला सांग, मशीन बिघडलं. मला काय झालतं ते सांगू नको. तिला सोसायचं न्हाई."

लाडू आणि दुपटी कुरिअरनं गेली. सोळा दिवसांनी बहिणीला मुलगी झाली. आईनं तिला फोनच्या पडद्यावर बघितलं. बघताना मशीनचा आवाज मध्ये येतो म्हणून ती सारखी त्यावर हात ठेवायची. बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत आई गेली. बहिणीला शेवटच्या दर्शनालाही पोचता आलं नाही.

पुढं ती बाळाला घेऊन घरी आली, तेव्हा तिसऱ्या दिवशी मी तिला खरं सांगितलं. मशीनचं, रांगेचं, मी आईला काय बोललो होतो त्याचं. तिनं बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि धुतलेले कपडे वाळत घालायला अंगणात गेली. बाळ माझं बोट धरून झोपलं होतं. एकेक कपडा झटकून घालायला तिला फार वेळ लागला. आत आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की आईनं त्या दिवशी काही खाल्लं होतं का.

"अर्धी भाकरी," मी म्हणालो. "गाडीत."