भिंतीसाठी दिलेलं घोंगडं

शेजारच्या गच्चीवर आज ओलं घोंगडं वाळत होतं. त्या वासानं पिशोर गावच्या सखूमावशी आठवल्या.

कॉलेजच्या रेडिओ केंद्राला नवी खोली हवी म्हणून सरांनी आम्हा पोरींना गावोगाव मदत मागायला पाठवलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घोंगड्या लावायच्या होत्या. मेंढरं राखणाऱ्या मावशींनी अंगावरचं घोंगडंच काढून दिलं.

उद्घाटनाला त्या हौसेनं आल्या. रेडिओच्या त्या नव्या खोलीच्या दारावर पाटी होती, ‘अतिथी कक्ष’. सर आत पाहुण्यांसोबत चहा पीत होते. घोंगडं उंबऱ्याशी पायपुसणं झालं होतं.

मावशींनी ते उचलून झटकलं. “आवाजासाठी दिलं व्हतं, पोरी. पाय पुसायला नाय.”

तेव्हा वाटलं, सरांना ऐकू गेलं नसेल. आता कळतं, ऐकूनच ते म्हणाले होते, “दार लावा रे, बाहेर फार आवाज होतोय.”