तिसऱ्या दाबाला थांबणारी गाडी

आमच्या जुन्या पिकअपचा ब्रेक एका दाबात कधीच लागत नसे. पहिल्यांदा दाबला की पायाखाली नुसतं मऊ लागायचं, दुसऱ्यांदा वेग जरा कमी व्हायचा आणि तिसऱ्यांदा सगळी ताकद लावली की गाडी थांबायची. बाबांनी ती घेतली तेव्हा कामतघरला आमचे स्वतःचे कापड विणायचे लूम होते. सूत गुंडाळलेले लोखंडी बीम हौद्यात घालून ते ती गाडी भिवंडीच्या गल्ल्यांतून न्यायचे. ते तीन दाब त्यांच्या पायात इतके मुरले होते की टीव्हीवर कुणाची गाडी भरधाव सुटलेली दिसली तरी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय फरशीवर तीनदा आपटायचा. आई म्हणायची, "थांबली हो गाडी. आता जेवा."

पुढे लूम विकले, शेड भाड्यानं दिली. गाडी तेवढी राहिली. गणेशपुरीच्या बाजूला आमचं थोडं भाताचं शेत आहे. पंचाहत्तरी उलटली तरी आईला शेजारी बसवून तिथे जायचं ते बाबांनीच. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. घरात दुसऱ्या कुणी ती मागितलेली मला आठवत नाही.

यंदा पाऊस संपता संपता, दिवेलागणीच्या सुमारास, कामतघरच्या नाक्यावर त्यांनी एका हातगाडीला मागून धक्का दिला. कापडाचे ताके रस्त्यावर पसरले. हातगाडीवाला वाचला, पण नाका जमा झाला. "अचानक थांबला तो मधेच," असं बाबांनी घरी येऊन सांगितलं. मी त्यांच्या मागेच स्कूटरवर होतो. हातगाडी केव्हाची उभी होती. बाबांना ती दिसलीच नव्हती.

त्या रात्री बायको मला म्हणाली, "तुम्ही सांगा त्यांना. किल्ली ठेवा म्हणावं. मी सून पडले, मी बोलले तर उद्यापासून माझ्या हातचा चहा बंद."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी बाबांसमोर जाऊन बसलोही. मग आम्ही भाताबद्दल बोललो.

त्यानंतरच ब्रेकचा विचार माझ्या डोक्यात आला. गाडी लवकर थांबायला लागली तर बोलायची वेळच येणार नाही, असं मी स्वतःला पटवलं. आणि त्याला काळजी असं नाव दिलं.

आईबाबा एसटीनं वज्रेश्वरीला माझ्या बहिणीकडे राहायला गेले होते, तेवढ्यात मी कपाटातली जादा किल्ली घेऊन गाडी टेमघरच्या गॅरेजात नेली. मिस्त्री बाबांना फार वर्षं ओळखणारा, त्यांना चाचा म्हणणारा. पुढचे दोन्ही ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवायचे आहेत, असं मी सांगितल्यावर तो गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"डिस्क? इसमें? भाई, दादी को जीन्स पहना रहे हो."

"होईल ना?"

"होने को क्या है. दादी शरमाएगी थोडा."

बाबांना फोन करून मी सांगितलं की गाडी ग्रीसिंगला टाकली आहे.

"ग्रीस मारू दे," बाबा म्हणाले. "पन ब्रेकला हात न्हाय लावायचा सांग त्याला. मना जमतो तो तसाच."

"बरं," मी म्हणालो.

एका नव्या गाडीच्या तबकड्या आणि त्यांना दोन्ही बाजूंनी चिमटणारे कॅलिपर आले. ते जुन्या चाकांना बसावेत म्हणून लेथवाल्याकडून जाड पट्ट्या कापून आणाव्या लागल्या. पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही बसला. शेवटी ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायची होती. मी सीटवर बसून पाय मारायचो आणि मिस्त्री चाकापाशी बसून स्क्रू सैल करायचा. "मारो, मारो, मारो. पकड़ के रखो." पाय मारताना मला बाबांचीच आठवण येत होती. जुना ब्रेक लागायला ते जे करत, तेच मी नवा ब्रेक लागावा म्हणून करत होतो.

मग चालवून बघायला गाडी रस्त्यावर काढली. वळणावर म्हैस आडवी आली आणि बाबांना बघून लागलेल्या सवयीनं माझाही पाय तीनदा पडायला निघाला. पहिल्याच दाबाला गाडी जागच्या जागी खिळली आणि माझी छाती स्टीअरिंगवर आपटली.

मिस्त्री हसला नाही. "चाचा को बता देना," तो म्हणाला. "एक बार, और हल्के से. उनका पैर पुराना है."

सांगायची कामं आता एकाची दोन झाली होती. आणि ब्रेकचं सांगणं तर सोपं होतं. पण ते सांगितलं की का बदललेस असं त्यांनी विचारलं असतं, आणि मग पहिलं सांगावं लागलं असतं.

रविवारी आम्ही शेताकडे निघालो. आई बाबांच्या शेजारी, मी मागे हौद्यात उभा, केबिनच्या वरची दांडी धरून. गल्लीतून, नाक्यातून बाबा नेहमीसारखे रांगत गेले, ब्रेकला पाय नुसता टेकवत. पंपावर थांबू तेव्हा सांगू, असं मी ठरवलं होतं. पण डिझेल पुरेसं होतं आणि बाबा पंपावर थांबलेच नाहीत. मी टपावर थाप मारली असती तर ते थांबले असते.

गणेशपुरीच्या रस्त्याला लागल्यावर वेग वाढला. पुढे एसटी थांबलेली होती, बरीच लांब. ती बाबांना दिसली. त्यांनी नीट, वेळेवर, जसा आयुष्यभर मारला तसा पाय मारला. गाडी जमिनीत रुतल्यासारखी थांबली. मी केबिनवर आदळलो. मागच्या काचेतून मला आईची पाठ पुढे जाताना दिसली आणि मग पत्र्याचा आवाज आला. त्या गाडीला सीटबेल्ट नाहीत.

आईच्या कपाळाला टाके पडले. दवाखान्यात ती नर्सला सांगत होती, "एवढी मोठी टिकली ह्यांनी कधीच लावली नव्हती हो मला." नर्स हसली. बाबा बाकावर मांडीवर हात ठेवून बसले होते.

"माजा पाय चुकला," ते म्हणाले.

मी औषधांची चिठ्ठी घेऊन दुकानाकडे गेलो.

घरी आल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि देवघराजवळच्या खिळ्याला टांगली. विचारपूस करायला येणाऱ्या प्रत्येकाला ते तेच सांगत होते. पाय ऐकत न्हाय आता. बायको आत येऊन हळूच म्हणाली, "चला, देवानंच सोडवलं." मला सुटल्यासारखं वाटलं, हे इथे लिहायला हवं. किल्ली खिळ्यावर होती, मला एक शब्द बोलावा लागला नव्हता, आणि आईची जखम भरत होती.

पण बाबा बसायला लागले. नुसते बसायला. टीव्ही चालू असला तरी त्यांचा पाय आपटायचा थांबला होता. एकदा ते उजवं पाऊल मांडीवर घेऊन अंगठ्यानं दाबत, वाकवत, दुसऱ्या कुणाची वस्तू असावी तसं बघताना मला दिसले. मी दारातूनच मागे फिरलो.

दिवाळीनंतर भात कापणीला आलं. शेतावर जाणं भागच होतं. आई घरी राहिली. मी खिळ्यावरची किल्ली घेतली आणि बाबा आयुष्यात पहिल्यांदा डाव्या बाजूला बसले. अंबाडी गावाच्या पुढे कुत्रं आडवं आलं. मी ब्रेकवर पाय ठेवला, गाडी अलगद थांबली. बाबांचा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर आपटला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटायच्या आत गाडी उभी होती.

ते माझ्या पायाकडे बघत राहिले.

"एकदाच दाबलास?"

मी मान हलवली.

"कवा बदाललास?"

"तुम्ही वज्रेश्वरीला होतात तेव्हा."

कुत्रं निघून गेलं तरी मी गाडी हलवली नाही. मागून एकानं हॉर्न वाजवला, शिवी देऊन पुढे गेला.

"मना वाटला माजा पाय गेला," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मयनाभर मी ह्यो पाय घेऊन बसलूय. आन तुना म्हायती व्हता."

ते उतरले, बोनेटला वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि ते उघडलं. मी पलीकडे सरकलो. त्यांनी गाडी चालू केली, थोडी पुढे नेऊन ब्रेक दाबला. गचका बसला. पुन्हा नेली, पुन्हा दाबला. चारपाच वेळा असं केल्यावर गाडी लोण्यातून जावी तशी थांबायला लागली. मी दोन्ही हात समोरच्या पत्र्याला लावून बसलो होतो, आईच्या जागेवर.

शेतापर्यंत तेच घेऊन गेले. माझ्या तोंडून शेवटी निघालं ते बांधाशी गाडी लागत असताना.

"बाबा, हातगाडी उभीच होती. तुम्हाला ती दिसली नाही. दिवे लागायच्या वेळेला तुम्हाला दिसत नाही."

त्यांनी इंजिन बंद केलं. "तवाच बोल्ला असतास त तुजे आयशीचा कपाल वाचला असता," असं म्हणून किल्ली खिशात घातली आणि भात बघायला निघून गेले.

दिवसभर आम्ही कामापुरतं बोललो. ऊन उतरल्यावर मी गाडीपाशी आलो तेव्हा ते आधीच डाव्या दाराशी उभे होते. मी हात पुढे केला. ते जागचे हलले नाहीत. किल्ली खिशातच होती.

"तोंडानं माग," ते म्हणाले.

शेजारच्या शेतातल्या बाया पेंढा बांधायचं थांबवून आमच्याकडे बघत होत्या.

"बाबा," मी म्हणालो, "गाडीची किल्ली मला द्या."