दहा मोजण्याची सवय

लहानपणी घरात लाईट गेली की बाबा एकच गोष्ट बजावायचे. आल्याबरोबर फ्रिज लावू नका, आधी दहा मोजा. बाबा उमरेडला विणकराच्या घरी, मागावर वाढले, पुढे खाणीत लागले, आणि त्यांनी हौसेनं घेतलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे तो फ्रिज. आम्हा दोघा भावंडांपेक्षा त्यांचा जीव त्याच्यावर जास्त होता असं मी अजूनही म्हणते आणि दादा अजूनही चिडतो. फ्रिज कधीच भंगारात गेला, पण दहा मोजायची सवय माझ्या अंगात मुरली. इतकी की मी ती नोकरीतही घेऊन गेले.

मी वाडीला राहते. अमरावती रोडवर, ट्रकांच्या गोदामांमागे, आमच्या कंपनीचं छोटं वर्कशॉप आहे आणि तिथून दहा मिनिटांवर माझ्या भाड्याच्या दोन खोल्या. आम्ही जमिनीखालच्या कोळसा खाणींसाठी वायू मोजणाऱ्या पेट्या बनवतो. खाणीत मिथेन साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो जास्त झाल्यावर एक ठिणगी पडली की पुढचं सांगायला कोणी उरत नाही. पेटी भिंतीला टांगलेली असते. तिच्या सेन्सरला वायू कळतो आणि पडद्यावर आकडा येतो.

या पेटीतल्या कॉम्प्युटरचा जो सगळ्यात तळाचा प्रोग्राम, ज्याला आम्ही कर्नल म्हणतो, त्यातले बदल तपासणं हे माझं काम. बाकीचे लोक कोड बदलतात, मी तो ओळ न् ओळ वाचते, चुका काढते, आणि पटलं तर खाली माझं नाव लिहिते की हिनं तपासलं. ते नाव पडल्याशिवाय काहीही पुढे जात नाही. माझ्याबद्दल ऑफिसात काय बोलतात ते मला माहीत आहे. सासूसारखी तपासते म्हणतात. मला त्याचा अभिमानच होता.

त्या शुक्रवारी एका सहकाऱ्याचा तेवीस ओळींचा बदल माझ्यासमोर आला. पेटी चालू झाल्यावर मेमरीची पहिली मांडणी जिथे होते तिथला तो होता. त्या क्षणी मेमरीत काय पडलेलं आहे याचा काही भरवसा नसतो, म्हणून आमचा जुना कोड एका राखीव तुकड्यावर आधी शून्यं लिहून तो पुसून घ्यायचा. सेन्सरचा ताजा आकडा आणि तो खरा असल्याची खूण, दोन्ही त्याच तुकड्यात राहतात. सहकाऱ्यानं ते पुसणं काढून टाकलं होतं. त्याचं म्हणणं, पुढे मेमरी वाटणारा कोड प्रत्येक तुकडा देण्याआधी पुसतोच, मग दोनदा कशाला? पेटी तेवढी लवकर चालू होईल.

मला ते पटलं. तरी मी नुसत्या वाचण्यावर नाव देत नाही. माझ्या टेबलावर एक पेटी कायम असते. मी प्लग काढला, दहा मोजले, प्लग लावला. पेटी नीट चालू झाली. पुन्हा काढला, पुन्हा दहा मोजले. असं वीस वेळा केलं. ही दहा मोजायची पद्धत वर्कशॉपच्या भिंतीवर मीच लिहून लावली होती, आणि न मोजता प्लग लावणाऱ्या दोघातिघांना झापलंही होतं. मग खाली नाव लिहिलं.

संध्याकाळी दादाला फोन केला. दादा उमरेडकडच्या एका खाणीत सरदार आहे. नाव ऐकून डोळ्यांपुढे फेटा आणू नका. खाणीत सरदार म्हणजे पाळीची माणसं घेऊन खाली उतरणारा, आधी स्वतः पुढे जाऊन हवा तपासणारा आणि मग बाकीच्यांना बोलावणारा माणूस. आमच्या चार पेट्या चाचणीसाठी त्याच्याच खाणीत लागल्या होत्या, आणि शनिवारी सकाळी, पाळी उतरायच्या आधी, आमचा माणूस त्यांच्यात नवा प्रोग्राम टाकणार होता. मी दादाला म्हटलं, "उद्याचं सगळं मी स्वतः तपासलंय." बढाईच मारली म्हणा ना.

शनिवारी दुपारी एक वाजता मी जेवायला बसले होते. कूलर चालू होता, समोर टेबलावर कालचीच पेटी, घरी आणलेली, चालू होती. लाईट अर्धा सेकंद गेली आणि आली. कूलर कुरकुरून पुन्हा फिरू लागला. पेटीही बंद होऊन चालू झाली, आणि चालू होताच तिच्या पडद्यावर आकडा आला.

यात घाबरण्यासारखं काय, असं कोणालाही वाटेल. पण सेन्सर गरम व्हायला तीन-चार मिनिटं लागतात. तोवर पेटीनं पडद्यावर नुसत्या रेघा दाखवायच्या आणि वाजत राहायचं, म्हणजे माणसांना कळतं की आत्ता माझ्यावर विसंबू नका. ही पेटी गुमान होती.

हातातला घास तसाच ताटात ठेवला. शेगडीजवळचा लाइटर आणला, सिगारेटचा असतो तसला, त्याचा गॅस सेन्सरवर सोडला. आकडा पॉइंट सहा टक्क्यांपर्यंत चढला. मग एका हातानं सेन्सरची वायर उपटली आणि त्याच क्षणी दुसऱ्या हातानं रीसेटचं बटण दाबलं. पेटी पुन्हा चालू झाली. पॉइंट सहा. सेन्सर माझ्या ताटाशेजारी सुटा पडला होता आणि पेटी मला हवेतला वायू सांगत होती.

मग सगळं एकदम कळलं. मेमरी वाटणारा कोड पुसतो ते वाटायच्या मेमरीला. हा तुकडा राखीव, तो कधी वाटायलाच जात नाही, त्याला पुसणारं आता कोणीच नव्हतं. वीज पूर्ण काढून दहा मोजले की मेमरी आपली आपणच कोरी होते. माझ्या वीसच्या वीस चाचण्यांत ती कोरी होती, कारण मी शहाण्यासारखी दहा मोजत होते. लाईट नुसती मिचकली तर मात्र जुना आकडा आणि तो खरा असल्याची खूण तशीच राहते. आणि दादानं मला हजारदा सांगितलं होतं की खाली कोळसा वाहून नेणारा पट्टा सुरू झाला की व्होल्टेज पडतं आणि दिवे मिचकतात. दिवसातून कितीदा तरी.

 दादाची पाळी चारला सुटणार होती. खाली मोबाईल नेता येत नाही. तरी मी त्याचा नंबर दोनदा लावला, बंद होता.

आमच्या कंपनीच्या साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, पॅनिक होऊ नका," म्हणाले. "सोमवारी बसून बघू. आज तुम्ही खाणीत काही बोललात तर ट्रायल गेलीच समजा."

"सर, तिथं खाली माझा भाऊ आहे."

"मग तर तुम्ही आणखी शांत राहायला हवं."

मी फोन ठेवला. नोकरीचं काय होईल हा विचार आला नाही असं म्हणणार नाही, आला. पण वहिनीला फोन लावेपर्यंत गेलाही होता. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "वहिनी, दादाच्या लॅम्प रूमचा नंबर आहे का तुमच्याजवळ?" टोपीवरचे दिवे देतात त्या खोलीत वरचा फोन असतो हे मला ठाऊक होतं.

"काहून वं, काय झालं?"

"काही नाही, पेटीचं काम होतं."

नंबर मिळाला. लॅम्प रूममधल्या माणसाला मी कोण ते सांगितलं. "पेट्यांवरचा आकडा खोटा असू शकतो," म्हटलं. "हातातल्या मीटरनं मोजा म्हणावं. आत्ताच्या आत्ता."

"साहेब जेवाले गेले जी."

"साहेबांना नंतर सांगा. आधी खाली फोन लावा."

"लावून पाहतो. खालचा फोन कधी लागते, कधी नाही लागत."

त्यानंतर मी लॅम्प रूमला नऊ वेळा फोन केला आणि नऊही वेळा तो एंगेज लागला. घरात बसवेना. स्कूटरवर स्टँड गाठलं आणि उमरेडच्या एसटीत चढले. भट्टीत ठेवल्यासारखी गाडी तापली होती. कंडक्टरनं तिकीट विचारलं. मी बोटानं पुढे दाखवलं. त्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "कोणाचं काही झालं का ताई?" मी मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून ते मलाच कळलं नाही.

तो दीड तास मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. दर वेळी डोळे मिटले की त्या तेवीस ओळी दिसायच्या आणि त्यांच्या खाली माझं नाव. चूक कोड लिहिणाऱ्याची होती असं स्वतःला सांगून पाहिलं. पण चूक पकडायला तर मला बसवलं होतं. काही झालं असतं तर रस्त्यावर ॲम्ब्युलन्स, बचावाच्या गाड्या धावताना दिसल्या असत्या, असंही मनाशी म्हटलं, आणि मग समोरून जी गाडी जोरात येईल तिच्याकडे बघत राहिले. फाट्यावर उतरून खाणीच्या गेटपर्यंत मी पळत गेले. चाळिशी ओलांडलेली बाई भर उन्हात पळताना बघून चौकीदार उठून उभा राहिला.

चार वाजून गेले होते. माणसं वर यायला लागली होती, काळ्या तोंडांची, हातात रिकामे डबे. दादा सगळ्यांच्या मागे होता. तो दिसला आणि मी चौकीदाराच्या बाकावर बसले.

"तू काहून आली वं इथं?" दादा म्हणाला. "तुया निरोप भेटला मले. अडीच वाजता भेटला."

"मोजलंस?"

तो माझ्या शेजारी बसला. टोपी काढली. "मोजलं ना. कोपऱ्यातल्या पेटीवर पॉइंट दोन, हातातल्या मीटरवर पॉइंट सात." सातला माणसं बाहेर काढायची वेळ येत नाही, ते मला माहीत आहे. पण पेटी दोन सांगत होती. "उंदरानं वायर कुरतडली, पूर्ण नाही तुटली. सकाळी पट्टा चालू झाला अन् लाईट मिचकली, त्याच्यानंतर सेन्सर गरमच नाही झाला. पेटी मात्र पॉइंट दोनच सांगून राहिली. मी म्हटलं, आज हवा मस्त आहे."

"पण तिथं उंदीर कुठून आले? त्या कोपऱ्यात तर कोणी थांबत नाही."

दादानं टोपी गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडेच बघत राहिला. "मीच बसवलं सगळ्यांले तिथं, डबा खायले. पेट्या लागल्यापासून रोज. आजही बसलो होतो, अर्धा तास." मग हळूच म्हणाला, "म्हटलं, इथं बसा, ही पेटी माह्या बहिणीनं पाहिली आहे."

 सोमवारी मी त्या बदलाखालचं नाव काढून घेतलं, का ते सगळ्यांना कळेल असं लिहिलं, पुसण्याची ओळ परत आली, आणि भिंतीवरचा दहा मोजण्याचा कागद मी स्वतः फाडला. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी मी नुसती बाकावर बसून दादाच्या पाळीची माणसं गेटातून बाहेर जाताना मोजत होते. सात झाले. आठवा माझ्यापाशी येऊन थांबला आणि दादाकडे बघून त्यानं विचारलं, "हेच का गा तुमच्या बहीणबाई?"

दादानं मान डोलावली.

तो माणूस माझ्याकडे बघून हसला. रिकामा डबा त्यानं काखेत धरला आणि दोन्ही हात जोडले. "तुमच्या पेटीखाली निवांत जेवण होते जी," तो म्हणाला, आणि सायकल घेऊन घरी गेला.